यंत्राला ऊन लागतं

तीर्थरूप दाजी,

तुम्हाला दोन्ही हातांनी नमस्कार. ताईला तूर्तास एकाच हाताने, कारण दुसऱ्या हाताचा अंगठा छत्रीत सापडून टम्म सुजला आहे (ती हकीकत पुढे येईल, घाई करू नका). तुमचा गुडघा काय म्हणतो? जिने उतरताना कुरकुरतो की चढताना? उतरताना कुरकुरत असेल तर काळजी नाही, माझाही तसाच आहे आणि मी अजून हिंडतोय. इकडे आम्ही सगळे खुशाल. तुमची लेक वेळेवर जेवते, वेळेवर झोपते आणि नेम तर असा धरते की बघणाऱ्याचाच श्वास अडकतो. पण दाजी, तुमचं ते वाक्य तिने पाठ केलंय. रविवारच्या मोठ्या सामन्याच्या यादीत नाव आलं नाही, तर बंदूक विकायची आणि मुकाट्याने बँकेच्या परीक्षेला बसायचं. पोरगी त्या वाक्याचं ओझं घेऊनच रोज नेम धरायला उभी राहते. त्या यादीवरून गेल्या चार दिवसांत जे रामायण झालं, ते तुम्हाला दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी मीच सांगतो.

आमच्या नेमबाजीच्या क्लबात बंदुकीच्या छऱ्याचा वेग मोजायचं एक यंत्र आहे. एवढीशी पेटी, आभाळाकडे बघणारे दोन डोळे. छर्रा वरून जाताना त्याची सावली आधी एका डोळ्यावर पडते, मग दुसऱ्यावर, आणि मधल्या वेळावरून यंत्र वेग सांगतं. मी जन्मभर घड्याळं दुरुस्त केली, म्हणून वेळेशी संबंधित जे काही असेल ते माझ्या गळ्यात, या न्यायाने वर्षापूर्वी ते माझ्याकडे आलं. आधी ते क्लबातले जुने सभासद, चष्मेवाले, यांच्याकडे असायचं. त्यांनी पेटीवर आपल्या सुबक अक्षरात चिठ्ठी चिकटवलेली होती : 'यंत्राला ऊन लागतं. काळजी घ्यावी.' आता दाजी, तुम्ही तीस वर्षं शाळेत व्याकरण शिकवलंत, तुम्हीच न्याय करा. रोपाला पाणी लागतं, मला उठल्याबरोबर चहा लागतो, तसं यंत्राला ऊन लागतं! मी काळजी घेतली. रोज दुपारी तासभर यंत्र गच्चीवर गादीसारखं उन्हात घातलं. त्याच्या डोळ्यांवर दोन पांढरी, कमानदार झाकणं होती, ती उन्हाच्या आड येतात म्हणून काढून ठेवली (आणि पुढे ती गहाळ झाली, कशी, ते सोडा). मनात म्हटलं, बाळा, घे भरपूर ऊन.

सोमवारी बंदुकांची तपासणी होती. सेकंदाला दोनशे चाळीस मीटरच्या वर वेग गेला की बंदूक बाद आणि यादीतून नाव कट. मी भर बाराला, मैदानात जिथे मांजरसुद्धा फिरकत नाही अशी जागा निवडून यंत्र मांडलं. तुमच्या लेकीने पहिला छर्रा सोडला. आकडा आला नऊ. नऊ! एवढ्या वेगाने तर आमचा पोस्टमन उतारावरून सायकल हाणतो. दुसरा छर्रा : अकराशे चाळीस. म्हणजे आवाजाच्या तिपटीहून जास्त. तिसऱ्याला यंत्राने नुसत्याच दोन आडव्या रेघा दाखवल्या, माझी जीभ बाहेर आली होती तशी त्याचीही आली असावी. आमच्या चिटणिसांनी (यांचं प्रत्येक वाक्य 'पण'ने सुरू होतं, म्हणून सगळे त्यांना पणसाहेब म्हणतात) त्यातला नेमका अकराशे चाळीसच वहीत उतरवून घेतला. म्हणाले, पण यंत्र कशाला खोटं बोलेल? गुरुवारी संध्याकाळपर्यंत मर्यादेतले पाच आकडे लागोपाठ दाखवा, नाहीतर नाव खोडतो. पोरगी बंदूक पुसत बसली. पुसून झालेली बंदूक पुन्हा पुसत होती, दाजी.

तिथूनच मी चष्मेवाल्यांना फोन लावला. मी रोज ऊन देतो म्हणताच पलीकडून असा आवाज आला की मला फोन कानापासून हातभर लांब धरावा लागला. अहो, ऊन लागतं म्हणजे बाधतं! तुम्हाला उन्हात ऊन लागत नाही का? लख्ख उन्हात त्याचे डोळे दिपतात, सावलीच दिसत नाही, आणि मग ते तोंडाला येईल ते बोलतं! ती पांढरी झाकणं उजेड मऊ करायलाच होती! मी म्हटलं, मग 'बाधतं' असं लिहायचं होतंत. ते म्हणाले, चिठ्ठीवर जागा नव्हती. एका शब्दापायी वर्षभर मी त्या बिचाऱ्याला भाजत होतो.

मग सुरू झाले उपाय. मंगळवारी आमच्या हिची काळी छत्री यंत्रावर बांधली (अंगठ्याचं निधन तेव्हाच झालं). छत्रीखाली इतका अंधार की यंत्राला छर्रा दिसेना. बुधवारी यंत्र शेडमध्ये नेलं, ट्यूबलाइट लावली आणि बंदुकीत छर्रा भरायच्या आधीच यंत्राने अठ्ठ्याऐंशी असा वेग जाहीर केला. ट्यूबलाइट आपल्याला स्थिर दिसते, पण ती म्हणे सारखी डोळे मिचकावत असते, आणि यंत्र त्यालाच छर्रा समजतं. दुपारी पांढरी चादर ताणली. एक टोक हिच्याकडे, दुसरं क्लबाच्या माळ्याकडे. वारा आला, चादर पणसाहेबांच्या डोक्यावरून गेली आणि ते आतूनही 'पण, पण' करत राहिले. ही इतकी हसली की तिचं टोकही सुटलं.

शेवटी आज सकाळी तुमच्या लेकीनेच डोकं चालवलं. कोपऱ्यावरच्या बेकरीतून बटर पेपर आणला, तारेची कमान केली आणि दोन्ही डोळ्यांवर तो ताणला. उजेड कसा दुधासारखा झाला. पहिला आकडा दोनशे एकतीस! मी आनंदाने यंत्राशी वाकून बघायला गेलो, तर दुसरा आकडा सातशे. मी मागे सरलो, दोनशे तेहेतीस. मी वाकलो, पुन्हा गडबड. पोरगीने बंदूक खाली ठेवली आणि फार हळू, फार अदबीने म्हणाली, मामा, तुम्ही टोपी घालता का? दाजी, माझ्या टकलावरून परतलेलं ऊन थेट यंत्राच्या डोळ्यांत जात होतं! म्हणजे शब्दात मी चुकलो ते चुकलोच, वर डोक्यानेही आडवा आलो. टोपी घातली आणि लांब जाऊन बसलो. लागोपाठ पाच आकडे, सगळे दोनशे तीस ते दोनशे चौतीसच्या आत. ही टाळ्या वाजवत होती, माळी वाजवत होता, मी सुजलेल्या अंगठ्यासकट वाजवत होतो. पण पणसाहेब म्हणाले, पण हे बेकरीच्या कागदाखालचे आकडे. मूळ झाकणं कुठायत?

असो. पत्र लांबलं. ताईला सांभाळा, जिना जपून उतरा, आणि पोरीवर रागावू नका; यात तिचा काडीचा दोष नाही, सगळा माझा आणि व्याकरणाचा.

तुमचा मेहुणा

ता. क. १ : आता मुद्द्याचं. तुमच्या नव्या घराला आम्ही जी दोन पांढरी 'फळं ठेवायची तबकं' भेट दिली, ती तबकं नव्हेत. हिने ती माझ्या टेबलाखालून उचलून रंगीत कागदात गुंडाळली आणि मला तुमच्या दारात कळलं. ताई इतकी खूश होती की तोंड उघडवलं नाही. तर फळं दुसरीकडे ठेवा आणि झाकणं रविवारी सकाळी अकराच्या आत क्लबात पोहोचवा. टपालाने नको, मोडतील. दुसऱ्या कुणाबरोबर नको, हरवतील. तुम्ही स्वतःच आणा.

ता. क. २ : पत्र पाकिटात घालताना तुमच्या लेकीने वाचलं आणि खोटं लिहू नका म्हणून मला पुन्हा लिहायला बसवलं. म्हणून खरं लिहितो. पणसाहेबांनी दुपारीच कागदावर सही केली. 'पण' न म्हणता केली. तिचं नाव यादीत तिसरं आहे, फळ्यावर लागलंय. झाकणांवाचून काही अडलेलं नाही. ताईला फळं खुशाल ठेवू दे.

ता. क. ३ : हे तिला न दाखवता लिहितोय. फळ्यावर नाव बघून पोरगी नाचली नाही की ओरडली नाही. मला एवढंच विचारलं, मामा, बाबांनी मला कधी नेम धरताना पाहिलंच नाही, ते येतील का हो? दाजी, मी नुसतीच मान हलवली, आणि ती तिने 'हो' अशी घेतली.