कढीपत्त्याच्या बुडातला कोळसा

आई, तुला एक गोष्ट सांगायची राहिली आहे, आणि तीही मी नेहमीसारखी लांबण लावूनच सांगणार, तेव्हा जरा दम धर. मी आता शाहूपुरीत पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत आहे. कारखानदार सांडपाण्याच्या बाटल्या आणतात, त्यात किती धातू आहे ते मी त्यांना सांगते, आणि बहुतेकांना ते ऐकायचं नसतं. परवा एक जण म्हणाला, "मॅडम, आकडा जरा कमी दाखवा की." मी त्याला अगदी तुझ्या आवाजात झापलं. बिचारा चहा अर्धा टाकून गेला. तू असतीस तर आधी चहा संपवायला लावला असतास.

माझ्या एम.एस्सी.च्या वेळचं तुला आठवत असेल. शेंगांच्या टरफलांचा कोळसा सांडपाण्यातलं क्रोमियम, तो विषारी धातू, धरून ठेवतो का, हा माझा प्रकल्प. विद्यापीठातली भट्टी बंद पडलेली आणि मी तोंड पाडून तुझ्या चुलीपुढे बसलेली. "एवढंच व्हय? आण हिकडं ती टरफलं," म्हणालीस आणि डालड्याच्या जुन्या डब्यात ती दाबून भरलीस, झाकण चिखलानं लिंपलंस, बारीक भोक ठेवलंस. भोकातून पांढरा धूर येतोय आणि तू भाकरी थापता थापता एक डोळा त्यावर ठेवून आहेस. धूर थांबल्यावर डबा खाली उतरवलास. मला कुठला धीर! गरम डब्याचं झाकण उचकटलं तर वारा लागून आतला कोळसा फुलला आणि बघता बघता त्याची राख झाली. "निवू तरी द्यायचं की ग! शिकून शहाणी झालीस आनि एवढं कळंना?" दुसरा डबा तू रात्रभर मला हात लावू दिला नाहीस. तो कोळसा इतका झकास उतरला की सरांनी विचारलं, कुठल्या भट्टीत केलास? मी म्हटलं, घरच्या. प्रबंधात सरांचे आभार मानले, विभागाचे मानले. तुझे मानायचं सुचलंच नाही, याची आज लाज वाटते.

पाणी निवळलं त्या दिवशी मी दोन बाटल्या आणि पेढे घेऊन घरी आले. एका बाटलीत कारखान्यातलं हळदीच्या पाण्यासारखं पिवळं पाणी, दुसरीत तेच पाणी कोळशातून काढलेलं, नितळ. तू दोन्ही दारात धरून उजेडात बघितल्यास. मला वाटलं, आता कौतुक होणार. तू विचारलंस, "मग ती घाण गेली कुठं?"

"कोळशात."

"आनि कोळसा कुठं हाय?"

"विद्यापीठात. सांभाळून ठेवलाय," मी म्हटलं.

हल्ली पाणी गाळायची यंत्रं विकणारे येतात, तेव्हा मी तुझाच प्रश्न विचारते. कोळसा घाणीनं भरला की तो कुठं टाकणार? बरेच जण किमतीच्या गोष्टीवर वळतात. मी तर त्या दिवशी तुझ्याशी चक्क खोटं बोलले होते. विद्यापीठात वाळवायला जागा नव्हती म्हणून वापरलेला कोळसा मी घरी आणायचे, आणि काम झालं की परसातल्या कढीपत्त्याच्या बुडात ओतायचे. चुलीची राख तू तिथंच टाकायचीस, कीड लागू नये म्हणून. आपल्या घरात काळं, जळकं जे काही असेल ते कढीपत्त्याला जायचं, मग मीही तेच केलं. दोन बाटल्यांवर पेढे वाटणाऱ्या मला, तीच घाण आपण परसात ओततोय हे तू विचारेपर्यंत कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी ती माती उकरून बादल्यांनी विद्यापीठात नेली, सरांची बोलणी खाल्ली. "मुळं कशाला उकरालीस ग?" तू ओरडलीस. "वाळवी लागलीय," मी म्हटलं. झाड जगलं. पुढं कितीतरी वर्षं तू त्याचीच पानं फोडणीला टाकलीस, माझ्या सासरी पिशवी भरभरून दिलीस, आणि मी ती नको म्हणू शकले नाही. तू गेलीस ती म्हातारपणानं, दुपारच्या झोपेत. डॉक्टरांनी दुसरं काही सांगितलं नाही. तरी आमटीत कढीपत्ता दिसला की मी तो वेचून ताटाच्या कडेला ठेवते.

त्या मातीतली एक पुडी मी तपासायची म्हणून ठेवली होती. बुडातली, सगळं उकरून झाल्यावर झाडाखाली उरलेली. लोकांचं पाणी तपासण्यात आयुष्य गेलं, ही पुडी मात्र एका खणातून दुसऱ्या खणात फिरत राहिली. आज ती बाहेर काढली. वहीत नमुन्याला क्रमांक दिला, "परसातली माती" असं लिहिलं, खाली माझं नाव घातलं. धातू मोजायचं मशीन सकाळपासून मोकळं आहे, आई. मी मात्र हे लिहीत बसले आहे.