एकमताने मंजूर

अण्णा, तुमच्या शेवटच्या आजारपणात रोज इंजेक्शन द्यायला यायची ती नर्स तुम्हाला आठवत असेल. "हिचा हात हलका हाय," म्हणायचात तुम्ही. तिच्याबरोबर मी गेली सोळा वर्षं राहते आहे, मैत्रीण म्हणून नव्हे, जोडीदार म्हणून. तुम्ही होता तेव्हाच सांगायला हवं होतं. पण तेव्हा मला ते स्वतःलाही धड सांगता येत नव्हतं.

गेल्या वर्षी आम्ही आपल्याच अंगणात एकमेकींना हार घातले. पाच माणसं होती, गुळाचा चहा केला होता. वरच्या कोर्टानं आमच्यासारख्यांना लग्नाचा हक्क दिलेला नाही हे ठाऊक होतं, म्हणून आम्ही लग्नाचा दाखला मागितलाच नाही. घराच्या उताऱ्यावर माझ्या नावाखाली तिचं नाव लागावं, एवढाच अर्ज पंचायतीत दिला. त्यावरून गाव पेटलं. ग्रामसभेपुढे ठराव आला : बाईनं बाईशी केलेलं लग्न हे गाव मानणार नाही, अशा जोडीची एकत्र नोंद करणार नाही. मतदारांनी हात वर केले आणि रजिस्टरात लिहिलं गेलं, एकमताने मंजूर. त्या ठरावाविरुद्ध आम्ही कोर्टात गेलो आहोत. ग्रामसभेला असं काही ठरवायचा अधिकारच नाही, असं आमच्या वकीलबाई म्हणतात. पण समोरच्यांनी ते रजिस्टर हजर केलंय आणि त्यात ठरावाच्या वर माझी सही आहे.

सहीचं उत्तर सोपं आहे. आपल्याकडे सभेला बसायच्या आधीच हजेरीच्या सह्या घेतात, ठराव मागून लिहितात. मी अंगणवाडीची बाई. माणसं पुरी भरत नाहीत म्हणून दरवेळी आम्हाला आधी बोलावतात, आमची सही पहिल्या पाचांत असतेच. वकीलबाईंना हे पटलं. त्यांनी प्रतिज्ञापत्रात लिहिलंय, सही फक्त हजेरीची आहे, आणि पुढे तिसऱ्या परिच्छेदात, मी सभेत ठरावाला विरोध केला होता.

नेवाशाच्या कचेरीबाहेर पत्र्याखाली तुम्ही लोकांचे दस्त लिहायचात. शाळा सुटली की मी तुमच्या पेटीशेजारी येऊन बसायची. शाईचं पॅड उघडण्याआधी तुम्ही अख्खा कागद मोठ्यानं वाचून दाखवायचात. "आधी ऐका, मग अंगठा." एकदा एक बाई आली होती, भावांच्या नावानं जमिनीवरचा हक्क सोडून द्यायला. भाऊ मागे उभे. तुम्ही कागद एकदा वाचलात, दुसऱ्यांदा वाचलात, मग म्हणालात, "आक्का, कळलं का? ह्यानंतर तुमचं तिथं काय ऱ्हात न्हाई." ती म्हणाली, "कळलं की. लावा शाई." घरी येताना मी हसत म्हणाले, येडीच हाय ती बाई. तुम्ही सायकल थांबवलीत. माझ्यावर तुम्ही इतके कधीच चिडला नव्हतात. "तिला दिवाळीला त्याच दारात जायाचंय. तुला काय कळतंय गं? ऱ्हा गप." त्या रात्री तुम्ही भाकरी अर्धीच खाल्लीत.

आता सभेचं सांगते. बायकांच्या सतरंजीवर मी बसले आहे. शेजारी माझ्याच अंगणवाडीतल्या पोरांच्या आया. सरपंच ठराव वाचतात. आवाज मोठा नाही, रस्त्याचा ठराव वाचावा तसा. कुणीतरी मागून हसतं, "दोघींत कुकू कुणी लावायचं गं?" मग सरपंच म्हणतात, "मंजूर असंल तर हात वर करा." भराभर हात वर होतात. शेजारीण मला कोपर मारते, "बाई, करा की वर. समदी तुमच्याकडंच बघत्यात. उद्या पोरं धाडायची का न्हाई आमी?" ती वाईट बाई नाही, अण्णा. तिच्या धाकटीला मी हाताला धरून चालायला शिकवलंय.

मी ऐकलं होतं. एकेक शब्द कळला होता. आणि मी हात वर केला.

माझी जोडीदार त्या दिवशी दवाखान्यात ड्यूटीवर होती. संध्याकाळी आली, चप्पलही न काढता दारातच विचारलं, "काय झालं?" मी म्हणाले, "मंजूर झाला. मी नाही म्हणाले." ती जोत्यावर बसली, रडली आणि म्हणाली, "तू एकटी तरी उभी राहिलीस ना. लई झालं मला तेवढं." त्या तेवढ्यावरच तर तिनं कोर्टात जायचं ठरवलं.

प्रतिज्ञापत्रावर उद्या नगरला सही करायची आहे. मघाशी तुमच्यासारखा तो कागद मोठ्यानं वाचायला घेतला. तिसऱ्या परिच्छेदाशी आवाज थांबला. ती आत भाजी चिरत होती. "थांबलीस का? वाच की पुढं," म्हणाली. मी म्हणाले, चष्मा सापडत नाही. चष्मा डोळ्यांवर होता.

हे पत्र घडी करून तुमच्या जुन्या पेटीत ठेवते आहे. तुम्हाला ते पोचणार नाही, आणि खरं सांगायचं तर ते तुमच्यासाठी लिहिलेलंही नाही. ज्या बाईला लिहायचं होतं ती चार पावलांवर आहे. तुम्ही काही बोलणार नाही, म्हणून वर तुमचं नाव घातलं.