यंदाचं वल्हं

केळशी खाडी, पैलाडचा मोहल्ला
ता. १८ मे १९५६

चिरंजीव भाऊ जमाल यास कुलसुमआपाचा सलाम आणि दुवा.

आम्ही खुशाल आहोत. ईद झाली. शिरखुर्म्यातली तुझ्या वाटणीची वाटी कुणी उचलेना, शेवटी मांजराने सोय लावली. आंबा यंदा बरा आहे. माझी लेक हफीजा तिसरीत गेली आणि आता मलाच अक्षर सुधारायला सांगते. गोदीच्या कामापायी जेवणाचे हाल करून घेऊ नकोस.

आत्मारामने हे पत्र समितीच्या वतीने लिहायला सांगितलं आहे. तो आता चिटणीस आहे, त्यामुळे साधं बोलतानाही घसा खाकरतो. तर आधी समितीचं लिहिते.

पोरांना होडीने शाळेत नेण्या-आणण्यासाठी दोन्ही काठांच्या लोकांनी जी समिती केली, तिची बैठक परवा रावजीकाकांच्या पडवीत झाली. तू गेल्यावर त्यात मला घेतलं. शिकलेली म्हणून नव्हे, तोंडाची फटकळ म्हणून. जूनपासून दिवाळीपर्यंतचं काम वाटून घेतलं. दोन्ही धक्क्यांवर पाळीपाळीने एकेक आई उभी राहणार. पाणी चढलं तर होडी सोडायची की नाही हे रावजीकाका सांगतील, त्यांच्याशी कुणी हुज्जत घालायची नाही. भिजून आलेल्या पोरांसाठी पलीकडे सगुणाकाकी चूल पेटती ठेवून पेज देणार. हे सगळं भराभर ठरलं. होडी कोण वल्हवणार, तिथपर्यंत मात्र कुणी येईना.

सत्राआधीच्या बैठकीत वल्हं हाती द्यायची रीत तुला ठाऊकच आहे. रावजीकाका ते पुढे करतात, "अकबरभाय, पोरां तुमची," म्हणतात, बाबा घेतात आणि मग चहा येतो. तू भांडून मुंबईला गेलास त्या वर्षीसुद्धा बाबांनी ते ताठ मानेने घेतलं होतं. "जमाल गेला तर गेला, माजी होडी बंद पडायची नाय," असं सगळ्यांदेखत म्हणाले होते.

यंदा काकांनी वल्हं पुढे केलं. बाबांनी हात पुढे केला, तो वीतभर बाजूला.

आता तुला मागचं सांगायला हवं. गेलं वर्षभर होडी काठाजवळ आली की धक्क्यावरची पोरं "चाचा, इथं! चाचा, इथं!" म्हणून ओरडायची. आम्हाला वाटे, खेळ आहे. बाबाही हसायचे. मार्चात एकदा केळशीच्या काठावर लग्नाचं वऱ्हाड उभं होतं. ते लोक वऱ्हाडाच्या होडीला "इथं, इथं" अशा हाका मारत होते. बाबांनी होडी त्या हाकांच्या रोखाने वळवली. मध्ये खडकांचं खडप. होडीतली पोरं ओरडेपर्यंत फळी फुटली. ओहोटी होती, पाणी कमरेएवढंच होतं, म्हणून सगळी वाचली. हफीजा त्यांत होती. तिला घरी आणून पुसताना मी विचारलं, तर म्हणाली, "आम्ही हाका नाय मारल्या तर नानांना धक्का कसा गावणार?" पोरांनी हे आपसांत ठरवलं होतं. आम्हा मोठ्यांना पत्ता नव्हता. किंवा असेल, आम्ही विचारलं नाही एवढंच.

तर परवा बाबांचा हात तसा पुढे होता आणि पडवीत सगळे खाली बघत होते. मी म्हटलं, "काका, वल्हं देऊ नका."

का, असं कुणीच विचारलं नाही. बाबांनी हात मागे घेतला, टोपी सारखी केली आणि हफीजाच्या खांद्यावर हात ठेवून घरी गेले. जमाल, माझा बाप भर बैठकीतून उठून गेला आणि त्याला उठवणारी मी होते. ते मला गिळता येत नाही.

उघडीप असली तर आत्माराम होडी नेईल. पण श्रावणात भरतीला डोंगरचं पाणी भेटलं की आपला भरवसा नाही, असं तो स्वतःच तोंडावर बोलला. ती खाडी बाबांना कळते, आणि त्यांच्याबरोबर लहानपणापासून गेलास म्हणून तुला. तुला विचारायचं ठरलं आहे. गोदीतली जागा सोडून आलास तर ती पुन्हा मिळणार नाही, हे मला समजतं. पण तू आला नाहीस तर हफीजाला मी पाठवणार नाही. दुसऱ्या आयाही पाठवणार नाहीत. मग आपल्या मोहल्ल्यातलं एकही पोर शाळेत जाणार नाही.

इथवर लिहून झालं तेव्हा बाबा ओट्यावर येऊन बसले. परवापासून पहिल्यांदाच बोलले.

"समितीचां पत्र गेलां?"

"लिहितेय."

"वाच."

मी सगळं वाचलं. खडप, पोरांच्या हाका, माझं ते बोलणं, काही गाळलं नाही. ते ऐकत राहिले. मग म्हणाले, "एवढां लिवलंस नि खरां तां लिवलंच नायस."

मी टाक पुन्हा दौतीत बुडवला.

"लिव. माज्या नावानं लिव. बापाला दिसत नाय."

आपल्या घरात हे आजवर कुणी तोंडातून काढलं नव्हतं. त्यांनी सांगितलं तसं लिहिलं आहे. लिहिताना मी रडले, आणि त्यांना ऐकू जाऊ नये म्हणून श्वास धरून बसले.

'ये' असं काही त्यांनी म्हटलेलं नाही. त्यांच्याने म्हणवणार नाही. मी म्हणते. ये.

बाबांची मुलगी आणि तुझी बहीण,
कुलसुम