मामांचं नाव कोण घेणार?

बुगनव्हिल बेट, डोंगरातलं गाव
४ मे १९९३

ती. थेक्लाताईस,
सा. न. वि. वि.

शुद्धलेखनाला हसू नकोस. शाळा जाळली तेव्हा मी सहावीत होते, त्यापुढचं चुकणारच. मिशनच्या सिस्टरच्या टाइपरायटरवर एका बोटाने टाइप करतेय. एवढं होईस्तोवर चुलीवरची रताळी शिजलीसुद्धा.

ताई, मामांना नेलं गं. आपलीच बंदूकवाली पोरं, अँब्रोसची. मामांकडे रेडिओ सापडला, म्हणून ते म्हणे सैन्याचे खबरे. अगं, त्या रेडिओत तीन वर्षं सेल नाहीत, मामा त्यात सुपारीचा चुना ठेवतात! तरी दोन दात पाडले. रविवारी अँब्रोस सगळ्यांसमोर त्यांचं नाव पुकारून शिक्षा देणार. मागच्या रविवारी दोघांची नावं पुकारली, ते घरी आलेच नाहीत. आई जेवत नाही. काहीतरी सुचव.

माया आटू देऊ नकोस.
तुझी पर्पेतुआ

किनाऱ्यावरची सैन्याची छावणी
६ मे

चि. पर्पेतुआस,
अनेक आशीर्वाद.

रडू नकोस, नाक आधीच मोठं आहे तुझं. इथले सैनिक तरी कुठे देव लागून गेलेत? शेजारचे म्हातारे, अँब्रोसचे सख्खे मामा, कुंपणाबाहेर रताळी खणायला गेले तर त्यांना काठ्यांनी झोडपलं. आमचे कोयतेही काढून घेतले. शिंपल्याने सोलतोय सगळं.

अँब्रोसने मला दोनदा मागणी घातली होती, आठवतं? मी म्हटलं होतं की तुझ्यापेक्षा बेडूक बरा. सोबतच्या चिठ्ठीत मी त्याला होकार दिलाय. रविवारी सगळ्यांसमोर दे. होकार दिला की मामा त्याचे मामेसासरे. आपल्या रिवाजात सासऱ्याचं नाव जावयाने घ्यायचं नाही, समोरही यायचं नाही. बघू कसा पुकारतो!

जेवत जा. आईला माझे पापे.
तुझी ताई

डोंगरातलं गाव
९ मे

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

चिठ्ठी अँब्रोसच्या हातात कोंबून मी पळालेच. सिस्टरने ती मोठ्यांदा वाचली. अँब्रोस उभा राहिला, तोंड उघडलं, मिटलं. भावाला म्हणाला तू पुकार. भाऊ म्हणाला की माझेही सासरेच लागतात. बाकीच्यांना सांगावं, तर कोणाचं नाव घ्या म्हणून सांगणार? तेवढ्यात मामाच त्याच्याकडे चालू लागले. हा बंदूक टाकून केळीमागे. मामा केळीमागे, तर हा ओढ्यात! शेवटी ओढ्यातूनच ओरडला की ह्यांना घरी न्या.

मागच्या रविवारच्या त्या दोघांच्या आया तिथेच बसून होत्या. त्यांच्या घरात लग्नाची मुलगी नव्हती.

आता तुझं. मामा पडक्या दातांनी हसत म्हणाले की लग्नाची बोलणी करायची नवऱ्या मुलाच्या मामाने, आमच्या दारात येऊन. आणि अँब्रोसचे मामा बसलेत तुझ्या शेजारी, कुंपणात. म्हणजे लढाई संपेपर्यंत तू मोकळी. कुंपणाने पहिल्यांदाच कोणाचं भलं केलं म्हणे.

तुझी आठवण रोज निघते, तूही काढत जा.
तुझी पर्पेतुआ

अगं, राहिलंच: सिस्टरच्या बोक्याला चार पिल्लं झाली.