ओठबोली

मंगळवार, ५ जानेवारी २०२१

एक दिवस! नाताळच्या सुट्टीनंतर शाळा मोजून एक दिवस भरली आणि पुन्हा बंद. काल सकाळी एफीला सोडून आले, संध्याकाळी टीव्हीवर जाहीर झालं की पुन्हा लॉकडाऊन, उद्यापासून सगळी मुलं घरी. दप्तर अजून दारातच पडलंय. आत नवी कोरी पेन्सिल.

सकाळीच शाळेला फोन केला. डॉक्टर, नर्स, दुकानवाले, ड्रायव्हर यांची मुलं घेताहेत. मी म्हटलं, बंद पडलेले बॉयलर दुरुस्त करायला माणसं पाठवायचं काम करते मी, बर्नलीत जानेवारीत बॉयलर बंद पडला तर म्हातारी माणसं गारठून मरतील. ऑफिसातली बाई म्हणाली, "दुरुस्त करणाऱ्याचं नाव यादीत आहे. फोन उचलणाऱ्याचं नाही." घ्या!

म्हणजे सहा वर्षांची पोर, मी आणि स्वयंपाकघरातलं एक टेबल. तिच्या बाजूला शाळेचं टॅबलेट, माझ्या बाजूला कंपनीचा कॉम्प्युटर नि हेडसेट. आईकडे ठेवायची सोय नाही. गिरणीच्या धुळीनं तिची फुफ्फुसं आधीच अर्धी झालीत, दाराबाहेर पाऊल टाकू नका असं डॉक्टरांचं पत्र आहे तिला. एफीचा बाप डीन तिकडे प्रेस्टनला, आपल्या नव्या संसारात. त्याचं नाव या वहीत काढायचं नाही असं ठरवलं होतं आणि पहिल्याच पानावर काढलं.

फर्लोचा अर्ज केला. शाळा उघडेपर्यंत घरी राहायचं, पगाराचा मोठा वाटा सरकार देणार, नोकरी शाबूत. फक्त कंपनीनं हो म्हणायला हवं. क्रेग, आमचा टीमलीडर, माझ्याहून आठ वर्षांनी लहान, म्हणाला, "वर पाठवतो." जन्मात पहिल्यांदा कुणापुढे तोंड वेंगाडलं.

गुरुवार, ७ जानेवारी

आजचा दिवस पुसून टाकता आला तर बरं. कॉर्नवॉलचे एक आजोबा फोनवर, दोन दिवस गरम पाणी नाही म्हणत होते. मी अगदी साखर पेरून बोलतेय, आणि वरच्या मजल्यावरून एफी — "आई! कागद संपलाय! शी वाळतेय!"

आजोबा म्हणाले, "आधी तिकडे जा बाई, माझं पाणी थांबेल." भला माणूस. पण आमचे सगळे कॉल रेकॉर्ड होतात आणि नंतर ऐकून त्यांना गुण देतात. क्रेगनं पाच गुण कापले. शेरा काय, तर 'घरगुती आवाज.'

शुक्रवार, ८ जानेवारी

नकार आला. "कामाची निकड लक्षात घेता आपली विनंती मान्य करता येत नाही." बस. एवढंच. चार दिवस विचार करून एक ओळ.

लिंझीलाही तीच ओळ, वर फक्त नाव बदललेलं. ऑफिस चालू होतं तेव्हा आम्ही सात वर्षं शेजारीशेजारी बसलो. तिचा धाकटा अकरा महिन्यांचा, थोरली चार वर्षांची, नवरा रात्रपाळी करून दिवसभर झोपलेला. म्हणाली, "दोघी मिळून परत अर्ज करू. सह्या जास्त असल्या की त्यांना नाही म्हणायला जड जातं." मी म्हटलं, एकदा मागितलं, नाही म्हणाले, संपलं. दुसऱ्यांदा हात पसरायची मला सवय नाही.

"हात पसरायचा नाहीये ग, हात वर करायचाय," लिंझी म्हणाली.

बोलायला हुशार आहे ती. पण मी माझ्या आईची मुलगी आहे. आमच्या घरात रडगाणं चालत नाही.

रविवार, १० जानेवारी

आईच्या खिडकीशी जाऊन आलो. दोन गल्ल्या पलीकडे, ती काचेच्या आत, आम्ही फुटपाथवर. नेहमीप्रमाणे ती ओठांनीच बोलली. पंधराव्या वर्षी गिरणीत गेली ती. शेकडो मागांच्या खडखडाटात शेजारणीच्या कानात ओरडलं तरी ऐकू जायचं नाही, म्हणून त्या सगळ्या बायका आवाज न काढता बोलायच्या. ओठ मोठे हलवायचे, भुवया उडवायच्या, जोडीला हात. लग्नं जमवली, भांडणं केली, मुकादमाची टिंगल त्याच्याच नाकासमोर केली. तिनं मला लहानपणीच शिकवली होती ही ओठबोली. शाळेत शिव्या द्यायला फार उपयोगी पडली.

एफीनं काचेतून विचारलं, "आजी, केकमध्ये पीठ किती?" आजी ओठांनी म्हणाली, "चिमूटभर." प, ब, म ओठांवर सारखेच दिसतात ना, आजीनं वाचलं मीठ! मी उलगडून सांगितलं तशी एफी हसून हसून फुटपाथवर बसली. मग तिनं बोट दाखवून आजीला ते पुन्हा म्हणायला लावलं, ओठ बघितले. परत. परत. आणि मला सुचलं.

आईला विचारलं, हिला शिकवशील? ती म्हणाली, "शिकवीन की. पण सुट्टीचा भोंगा झाला की आम्ही बाहेर येऊन घसा फाडून बोलायचो हं. अख्ख्या गल्लीला आमच्या घरचं जेवण कळायचं."

बुधवार, १३ जानेवारी

रोज दुपारी जेवणाच्या सुट्टीत खिडकीचा वर्ग. वीस मिनिटं. एफीला 'भूक', 'शू', 'गणित येत नाही' आणि 'कंटाळा' येतं. 'कंटाळा' सगळ्यात आधी आलं.

सोमवार, १८ जानेवारी

जमलं! जमलं! गिऱ्हाईक बोलत असताना एफी समोर येऊन उभी राहते, ओठ हलवते, मी ओठांनीच उत्तर देते, आणि तिकडे कानात बाई आपल्या बॉयलरची जन्मकथा सांगत असते. आज बेचाळीस कॉल घेतले. त्यात बेरजेची दोन पानं, एक सांडलेलं दूध आणि एक दुखणारा दात निभावला. एकाही कॉलवर माझ्याशिवाय कुणाचा श्वास ऐकू आला नाही.

एफीचे ओठ इतके सुरेख हलतात की बघत राहावं. 'वजाबाकी' म्हणताना नाक मुरडते. हे आजीकडून आलंय.

बुधवार, २० जानेवारी

गुण लागले. शंभरपैकी अठ्ठ्याण्णव. आख्ख्या टीममध्ये मी पहिली. ज्यांच्या घरात मांजरसुद्धा नाही त्यांच्याही पुढे! आज मी फुशारकी मारणार आणि वहीनं ती ऐकून घ्यायची. हे मी केलं. कुणाच्या मेहेरबानीनं नाही. माझ्या आईनं गिरणीत जे कमावलं त्याच्या जोरावर मी माझी नोकरी आणि माझी पोर दोन्ही सांभाळतेय. फर्लो तुमचा तुम्हाला लखलाभ.

शनिवार, २३ जानेवारी

सुट्टीचा दिवस, हेडसेट खुंटीला. तरी एफीनं टोस्टवर बीन्स हवेत ते ओठांनीच सांगितलं. किती मुरलंय बघा तिच्यात!

मंगळवार, २६ जानेवारी

व्हिडिओवरच्या सकाळच्या मीटिंगमध्ये क्रेगनं पकडलं. "कर्स्टी, तुझी मुलगी मागे काय करतेय? मासा झालीय का?" सांगितलं सगळं. गिरणी, माग, आजी, खिडकी. सगळे ऐकत राहिले. क्रेगची आजीपण विणकरीण निघाली! म्हणाला, वर सांगतो.

वर म्हणजे जॅकलिनबाई. दुपारी त्यांचा स्वतः फोन. नकाराच्या पत्रावर ज्यांची सही होती त्याच. "तुमच्यासारखी माणसं म्हणजे या कंपनीचा कणा आहे." राग यायला हवा होता. खरं सांगते, आला नाही. बरं वाटलं.

शुक्रवार, २९ जानेवारी

कंपनीच्या पत्रकात आमचा फोटो आला. मी हेडसेट घालून, एफी समोर ओठांचा चंबू करून. वर मथळा — 'इच्छा तिथे मार्ग.' सोबत चॉकलेटचा मोठा डबा घरपोच.

फोटो छापून घेतला आणि आईच्या खिडकीला लावून दाखवला. तिनं चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. गिरणीतल्या आपल्या मैत्रिणींची नावं घेत बसली, कितीतरी आता नाहीत. डोळ्यांत पाणी होतं तिच्या. मग ओठांनी विचारलं, "बाहेर ओरडते ना ग ही?"

कशाला ओरडेल? गुणी आहे माझी पोर.

बुधवार, ३ फेब्रुवारी

लिंझीचा फोन. नमस्कार-चमत्कार काही नाही. "वाचून दाखवते, ऐक," म्हणाली. तिनं एकटीनंच पुन्हा अर्ज केला होता. उत्तर या वेळी लांबलचक आलंय. "आपल्याच एका सहकाऱ्यानं मुलीला शांत राहायला शिकवून उत्कृष्ट कामगिरी केली आहे. आपणही असा कल्पक मार्ग शोधावा." आणि सोबत आमचं पत्रक जोडलेलं. फोटोसकट.

"अकरा महिन्यांच्या पोराला ओठबोली शिकवू का, कर्स्टी? रडताना ओठ हलव पण आवाज काढू नको म्हणून सांगू?"

मी म्हटलं, मी काय त्यांना तसं लिहायला सांगितलं का?

"नाही. तू फोटोत छान हसलीयस," लिंझी म्हणाली. फोन ठेवला.

गुरुवार, ४ फेब्रुवारी

काल पुढे लिहवलं नाही. आज लिहिते. मला कुणी ताटात वाढून दिलेलं नाही हे. पाऊस असो, बर्फ असो, रोज त्या खिडकीखाली उभी राहिलेय मी. दुसरीला जमत नाही म्हणून मी माझं चांगलं झालेलं लपवून ठेवू? उद्या नोकऱ्या कमी करायची वेळ आली तर अठ्ठ्याण्णव गुणवालीला काढणार नाहीत. मला एवढंच हवंय. एफीच्या डोक्यावरचं छप्पर.

चॉकलेटं मात्र खाववेनात. डबा कपाटाच्या वरच्या फळीवर टाकला.

शनिवार, ६ फेब्रुवारी

लिंझीचा फोन नाही. नको तर नको.

मंगळवार, ९ फेब्रुवारी

एफीच्या बाई, मिस एंटविसल, यांचा निरोप — "एफीच्या टॅबलेटचा माइक बिघडलाय का? वाचनाच्या वेळी तोंड हलताना दिसतं, आवाज येत नाही. दोन आठवडे झाले."

माइक तपासला. ठणठणीत. मग इंटरनेटवालाच चोर, त्याला फोन करून झाडलं. एफीला म्हटलं, बाईंशी मोठ्यानं बोलायचं हं. तिनं मान हलवली.

गुरुवार, ११ फेब्रुवारी

एकोणचाळीस कॉल. गुण सत्त्याण्णव. मागच्यापेक्षा एक गुण कमी, कशाचा गेला कळत नाही.

मंगळवार, १६ फेब्रुवारी

शाळेची आठवडाभराची सुट्टी, मीही आज रजा टाकली. पार्कात गेलो. उतारावर एफीची स्कूटर घसरली आणि ती तोंडावर पडली. हनुवटी फुटली, हातमोज्यांवर रक्त. तोंड सताड उघडं, गळ्याच्या शिरा ताठ, डोळ्यांतून धारा. आणि आवाज नाही. एवढासाही नाही. चार पावलांवर कुत्रं घेऊन उभ्या असलेल्या बाईनं मान वळवून पाहिलंसुद्धा नाही.

मला वाटलं, श्वास अडकला हिचा. उराशी धरून म्हटलं, रड ग सोन्या, मोठ्यानं रड, ओरड. तिनं माझ्या कानांकडे बघितलं, मग डोळ्यांकडे, आणि ओठांनीच विचारलं, "कॉल संपला?"

हेडसेट घरी खुंटीला होता.

तिला मांडीवर घेऊन तिथूनच लिंझीला फोन लावला. अर्ज पुन्हा लिही म्हटलं, पहिली सही माझी. आणि खाली लिही, पत्रकातला तो आमचा फोटो मला परत हवाय, पुन्हा कुणाच्या नकाराला जोडायचा नाही.