सरीतली दुपार

३ मार्च

पोचलो एकदाचे. सोफा काही दारातून आत जाईना. टेम्पोवाल्याने आडवा करून पाहिला, उभा करून पाहिला. शेवटी हे म्हणाले, राहू दे व्हरांड्यातच, इथे कोण नेतंय. सव्वीस वर्षं पार्सलच्या गोदामात माल हलवलेल्या माणसाने एका सोफ्यापुढे हात टेकले, म्हणून मी पोट धरून हसले. मग हेही हसले. ह्यांना हसताना पाहून वर्ष होऊन गेलं असेल.

घर लहानसं. पुढे एक खोली, मागे एक, बाजूला स्वयंपाकघर. मागचं दार उघडलं की काळ्या, भुसभुशीत जमिनीची लांबच लांब पट्टी, सऱ्या पाडून तयार. घरमालकांची अट एवढीच, की जमीन पडीक ठेवायची नाही. आम्ही काय, हौसेने बटाटे लावू, घेवडा लावू.

वीज कंपनीच्या तक्रार विभागात मी एकोणीस वर्षं फोन घेतले. दिवसाला ऐंशी माणसं माझ्यावर ओरडायची आणि मी सगळ्यांना म्हणायची, आपली अडचण समजू शकते. अजून डाव्या कानावर काहीतरी चिकटल्यासारखं वाटतं. ह्यांची पाळी दर आठवड्याला बदलायची, त्यात झोप जी गेली ती गेलीच. डॉक्टर म्हणाले, गोळ्या वाढवू की नोकरी सोडता? मग दोघांनीही सोडली.

संध्याकाळी मागच्या टेकाडावर चढून ठमीला फोन लावला. घरात रेंज नाही. ठमी म्हणजे आमची एकुलती एक, नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे, हॉस्टेलवर राहते. तिने बजावलं, आता तिथे जाऊन तरी भांडू नका, सोडवायला मी नाहीये.

गावातली दूधवाली स्वतःहून लिटरभर दूध देऊन गेली. साठीची असेल, पण चेहऱ्यावर एक रेघ नाही. माझ्याकडे निरखून पाहत म्हणाली, थकून आलात. इथे सगळे असेच येतात.

७ मार्च

साधं जगायचं म्हणजे किती काम असतं हे कुणी सांगत नाही. हातपंपावरून पाणी, चुलीला लाकडं, मग राख काढा, झाडा, पुसा, पुन्हा पाणी. माझ्या तळहातांना फोड आलेत. ह्यांची कंबर धरली आहे. काल कुदळ कुणी उन्हात ठेवली यावरून आम्ही तासभर अबोला धरला. ठमीला कळलं तर टाळ्या वाजवेल.

झोप अजून नाही. अंग दुखतं, पण डोळा लागत नाही. हे उठून बसतात आणि दात खातात. गोदामातल्या त्या मुकादमाने अकरा वर्षांपूर्वी सगळ्यांदेखत केलेला अपमान ह्यांनी अजून गिळलेला नाही.

१० मार्च

आज एक गंमत झाली. भरदुपारी मीठ मागायला दूधवालीकडे गेले तर घर सताड उघडं आणि घरात कोणी नाही. मागे गेले, तर ती आणि तिचा नवरा शेतात, शेजारशेजारच्या सऱ्यांमध्ये पाठीवर निजलेले. पलीकडच्या शेतातही तेच. पार कडेपर्यंत, प्रत्येक पट्टीत दोन-दोन, तीन-तीन माणसं. मला वाटलं, काहीतरी अघटित झालं. तेवढ्यात ती उठली, पाठीवरची माती झटकली आणि अशी ताजी दिसली की काय सांगू. म्हणाली, जमीन थकवा ओढून घेते ताई. अर्धा तास पडायचं. दुसरं काही करावं लागत नाही.

ह्यांना सांगितलं तर आधी माझी टिंगल केली, मग मी भांडी घासत असताना हे गुपचूप सरीत जाऊन पडले. अर्ध्या तासाने आत आले. मी ओल्या हाताने तशीच उभी राहिले. लग्नाच्या आल्बममधला माणूस दारात उभा होता.

मी काही पडणार नाही. केसांत माती गेलेली मला खपत नाही.

१५ मार्च

हे गाढ झोपतात. दात खाणं बंद. सकाळी शीळ घालत पाणी भरतात, कुदळ जागेवर ठेवतात. मी मुद्दाम मुकादमाचा विषय काढला. त्याचं नाव ह्यांना आठवेना. डोकं खाजवलं, हसले, म्हणाले, कोण होता गं तो? अकरा वर्षांचं ओझं उतरलं म्हणून मला आनंदच झाला. थोडा हेवाही वाटला. माझा कान अजून खाजतो.

२० मार्च

खोकी उघडताना धाकट्या भाऊजींचा फोटो निघाला. माझा दीर. बाविसाव्या वर्षी गेला. त्याला दवाखान्यात न्यायला आपल्याला उशीर झाला, हे ह्यांनी जन्मभर मनाला लावून घेतलं होतं. मी फोटो लपवणार, एवढ्यात ह्यांनी हातात घेतला आणि शांतपणे विचारलं, हा कोण मुलगा? तुमच्याकडचा का?

मी तोंडावर पाणी मारून आले. मग सगळं सांगितलं, भावाचं नाव, त्याचा आजार, वेळेवर न मिळालेली रिक्षा. ह्यांनी एखाद्या परक्याची हकीकत ऐकावी तसं ऐकून घेतलं. वाईट झालं, म्हणाले. आणि सरीकडे गेले.

तेव्हा उमगलं. जमीन नुसता थकवा नेत नाही. ज्याने माणूस थकतो तेही नेते.

२४ मार्च

अर्ध्या तासाचे तीन तास झालेत. हाक मारली तर हे उठतात, पण पाठीमागे मातीत अंगाचा साचा राहतो आणि तो रोज थोडा खोल असतो. घरचं सगळं माझ्यावर आलंय. पाणी, लाकडं, स्वयंपाक. हे जेवतातही नावाला. वजन उतरत नाही, हे आणखी नवल.

दूधवालीला जाब विचारायला गेले. ती घेवडा तोडत होती. शेताच्या टोकाला मातीचे पाचसहा लांबट उंचवटे, त्यांवर वेल नुसता मातलेला. मी विचारलं, इथे कुणाला पुरलंय का? तिला राग आला नाही. म्हणाली, पुरायचं कशाला? ती माझी सासू. पलीकडे जाऊबाई. आराम करतायत.

मी थट्टा समजले. मग खाली पाहिलं. उंचवटा सावकाश वर येत होता आणि खाली जात होता. झोपलेल्या माणसाच्या छातीसारखा.

घरी कशी आले आठवत नाही. दुधाचं भांडं तिथेच राहिलं.

२७ मार्च

ठमीशी बोललं तर सगळं आठवेल, या आशेने ह्यांना टेकाडावर नेलं. ती नुकतीच ड्यूटीवरून सुटली होती, आवाजातच दमलेली. बाबा, कसे आहात, म्हणाली. ह्यांनी फोन कानाला लावून जरा वेळ ऐकलं. मग अगदी सभ्यपणे म्हणाले, “कोण बोलतंय? तुम्हाला चुकीचा नंबर लागलाय.”

फोन माझ्या हातात दिला आणि उतरू लागले.

ठमी विचारत होती, आई, बाबा असं का बोलले? मी म्हटलं, थट्टा करतायत. तिला पटलं नाही. एकोणीस वर्षं लोकांची समजूत काढली आणि पोटच्या पोरीची काढता आली नाही.

हिचं आजारपण, हिच्या परीक्षा, ही रात्री वेळेत परतली का, यापायी हा माणूस किती झुरला. आम्ही दोघंही. सगळ्यांत जास्त थकवलंय ते हिच्या काळजीनेच.

२९ मार्च

ह्यांना घेऊन निघाले. एक पिशवी, बाकी सगळं टाकून. हे नाही म्हणाले नाहीत. सकाळच्या बसमध्ये माझ्याशेजारी खिडकीत बसले, हात मांडीवर, लहान मुलासारखे.

गावाची शेवटची पट्टी मागे पडली आणि ह्यांचा हात माझ्या हातात गार झाला. पाहते तो चेहरा राखेसारखा. गाल आत गेले, मान पडली. सव्वीस वर्षांच्या सगळ्या पाळ्या एका दमात अंगावर आल्यासारखं झालं. तोंडातून आवाज निघत नव्हता, नुसता श्वास, तोही अर्धा. मी ओरडले. बस थांबली.

कंडक्टर म्हातारा आहे. त्याला नवल वाटलेलं दिसलं नाही. मला एकटीला बाजूला घेऊन म्हणाला, “ताई, ह्यांना आता पुढे नेलंत तर जिवंत पोचणार नाहीत. तुम्ही पडला नसाल, तर तुम्ही चला.”

मी ह्यांना खांद्यावर टेकवून परत आणलं. दीड तास लागला. सरीत ठेवल्याबरोबर चेहरा भरला. झोपेतच हसले.

१ एप्रिल

ठमी यायचं म्हणते. तेरा तारखेच्या रविवारी सुट्टी आहे. मी सांगितलं, येऊ नकोस, आम्ही सहलीला जातोय. ती म्हणाली, तुम्ही? सहलीला? खरं सांग आई. खरं सांगितलं तर ती धावत येईल. खोटं सांगितलं तरी येणारच. आठवडाभर जोडून पाळ्या करतेय. जिना चढतानाही डोळे मिटतात म्हणाली.

अशी दमून ती इथे —

नाही.

५ एप्रिल

हे आता उठत नाहीत. माती कानांवर आली आहे. रोज हाताने बाजूला करते, सकाळी पुन्हा असते. तोंडात पाणी घातलं तर गिळतात.

पाणी मी एकटीच भरते. हातपंपाशी उभ्याउभ्या झोप लागली, घागर पायावर पडली. दूधवाली दारात येऊन बसते. जबरदस्ती नाही, काही नाही. नुसती म्हणते, किती ओढाल ताई. ती खरंच मायेने म्हणते, हेच सहन होत नाही.

८ एप्रिल

पडले.

ह्यांच्यावरची माती काढत होते. गुडघा टेकला, मग हात, मग पाठ. पाच मिनिटं, जास्त नाही. मऊ, कोमट. कुणीतरी पाठीवरून ओझं उचलून घेतल्यासारखं.

कान खाजत नाही. ते ऐंशी आवाज गेले. उठून घरभर फिरले, रडले, इतकं हलकं वाटलं.

पुन्हा नाही पडणार. लिहून ठेवते. पुन्हा नाही.

१० एप्रिल

दोनदा —

आईचं तोंड आठवत नाही. माझ्या आईचं. शेवटचे सहा महिने मीच केलं होतं तिचं. खोली आठवते, खाट आठवते. खाटेवर कोणी नाही.

ठमी आठवते. ठमी. चोवीस वर्षांची. नर्सिंग. हसली की डावा गाल जास्त वर जातो. एवढं रोज लिहायचं.

टेकाडावर जाऊन तिला सांगायला हवं, येऊ नको. टेकाड उंच आहे. पाय —

११ एप्रिल

ठमी. नर्सिंग. गाल — कुठला?

मुलीला येऊ देऊ नको. मुलीला इथे येऊ देऊ नको. दारावरही लिहिलं कोळशाने. दूधवालीने वाचलं. ओल्या फडक्याने पुसलं आणि माझे हातही पुसून दिले.

१२ एप्रिल

किती वेळ पडले कळलं नाही. ऊन गेलेलं.

ठमी — हे कुणाचं नाव? लिहायला हवं म्हणून लिहिते.

१३ एप्रिल

छान ऊन आहे. सकाळच्या बसने एक मुलगी आली. डोळ्यांखाली काळं, पाय सुजलेले, सरळ कामावरून आलेली दिसते. व्हरांड्यातल्या सोफ्यावर मी बसले होते. माझे खांदे धरून मला आई म्हणाली, आणि रडली. मी म्हटलं, बस, पाणी घे. बाबा कुठे, विचारत होती. मागे नेऊन दाखवलं. ती गुडघ्यांवर बसून दोन्ही हातांनी माती उपसत राहिली, किती वेळ. मग हात थांबले. बिचारी. एवढ्याशा वयात एवढा थकवा.

शेजारची सरी रिकामीच आहे. म्हटलं, पाच मिनिटं पड. नको म्हणाली. मग टेकली. मग आडवी झाली, बूट पायातच.

या वहीत जाड अक्षरात कुणाला तरी येऊ देऊ नको असं लिहिलंय. अक्षर माझंच. जाऊ दे.

वही घेऊन तिच्या उशाशी बसले आहे. झोपेत ती हसतेय. एकच गाल वर जातो, डावा. माती कानापाशी आली आहे. केसांत जातेय. मी बोटाने बाजूला केली, तर बोटं आपणहून केसांत फिरू लागली, भांग पाडू लागली, जशी काही रोजचीच — हा भांग मी — हे डोकं माझ्या मांडीवर — ठ