सात काड्या

सेलम, १० फेब्रुवारी २०२५

ती. स्व. तात्यांस,
मृण्मयीचा सा. न. वि. वि. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि मशीन कानाला लावायचं नाही, म्हणून हे पत्र. डिसेंबरच्या पावसात शेतात पाणी साचून आमच्या संशोधन केंद्राचा साबुकंद, साबुदाणा ज्याचा होतो तो, सगळा कुजला. पाच वर्षं मोझॅक रोग पसरवणाऱ्या पांढऱ्या माशीच्या तोंडी देऊनही ज्याच्या पानावर रोगाचा एक पिवळा डाग आला नाही, तो वाण आता फक्त तुमच्या अंगणात उरलाय. गेल्या चैत्रात सहज लावून गेले होते, तेच झाड. जिवापाड सांभाळा. एप्रिलात न्यायला येते.
कुसुमकाकूंना नमस्कार. माझ्यावरचा लोभ थोडा झाडाकडेही वळवावा.
आपली,
मृण्मयी

माधव नगर, उज्जैन, २७ फेब्रुवारी

चि. मृण्मयीस,
अ. उ. आ. काळजी एकदम सोड. गल्लीत डुकरांनी उच्छाद मांडलाय, म्हणून झाड मी स्वतःच खणून काढलं. अकरा कंद निघाले. हळदीचं बेणं ठेवतात तसे वाळूत पुरून कोठीत ठेवलेत. वरचं खोड फेकलं. काल शिवरात्रीला तुझी काकू दोन कंद उपासाला उकडायचे म्हणून अडून बसली. टावर चौकापर्यंत ऐकू जाईल असा वाद झाला, पण मी हटलो नाही. तेव्हापासून अबोला आहे. असो. ये आणि आपली अमानत घेऊन जा.
तुझा,
तात्या

सेलम, ५ मार्च

ती. स्व. तात्यांस,
सा. न. वि. वि. साबुकंदाच्या कंदाला कोंब येत नाही. तो खोडाच्या काडीपासूनच लागतो. हे मी लिहायला हवं होतं, चूक माझी. काल खूप रडले, आज कामावर गेले. आता कंद काकूंना उकडू द्या आणि अबोला मिटवा.
लोभ कमी करू नये.
मृण्मयी

उज्जैन, १५ मार्च

चि. मृण्मयीस,
अ. उ. आ. तुझं पत्र मी दोनदा वाचलं. काकूनं ते हातातून घेऊन वाचलं आणि न बोलता मला परसात नेलं. मी फेकलेलं खोड तिनं उचलून आणलं होतं, तोडून गिलकीच्या वेलाला आधार म्हणून रोवलं होतं. सात काड्या. पाचांना पालवी फुटलीय. चष्मा लावून एकेक पान पाहिलं, डाग कुठेही नाही.
कंद काल उकडले. काकू म्हणते, चव काही खास नाही. अगं, बोलली एकदाची!
यापुढे असल्या कामाचं पत्र तिच्या नावानं घाल.
तुझा,
तात्या